हात चाकावर, चित्त कोठे?

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी नावाचा तालुकाच आहे. वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२ च्या लढ्यातील हुतात्म्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. आज मी जिचे नाव घेणार आहे ती जालना जिल्ह्यातील, परतूर तालुक्यातील आष्टी. परतूरहून माजलगावकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. पुढे गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा सुरू होतो. परतूरला आगगाडीचे स्टेशन, दक्षिणेस गोदाकाठचा ऊस, आणि सगळीकडे कापूस. त्यामुळे या रस्त्याला उसंत म्हणून नाही. एस.टी. जाते, काळी-पिवळी जीप जाते, कापसाचा ट्रक जातो, ॲपे रिक्षा जाते आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर डुलत डुलत जातो.

श्रोतेहो, या गाड्यांत आपण रोज बसतो. बसताना सीट आहे का ते बघतो, भाडे किती ते विचारतो, गाडी किती वाजता पोचेल याचीही चौकशी करतो. परंतु जो माणूस पुढे बसला आहे, त्याचे हात चाकावर असले तरी चित्त कोठे आहे, हे कोण विचारतो? हल्ली त्या चित्ताला एक नवा वाटेकरी झाला आहे. तो खिशात मावतो, हाक मारतो आणि उत्तर मागतो. मोबाइल फोनने चालकांना कसे घेरले, एवढेच सांगून आजचे काम भागणार नाही. हे प्रकरण नीट कळावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. गाडी हाकणाऱ्याचे ध्यान राखावे कसे, हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याची उत्तरेही शोधून ठेवली होती.

प्रथम बैलगाडी घेऊ. रात्रीची वेळ आहे, बाजार करून गाडी परत निघाली आहे, गाडीखाली कंदील हलतो आहे, आणि गाडीवान धुऱ्यावर पेंगतो आहे. ही गोष्ट जुन्या माणसांनी शेकडो वेळा पाहिली असेल. पेंगलेल्या गाडीवानाला घेऊन गाडी बिनचूक घराच्या दारात येऊन उभी राहत असे. कारण उघड आहे. गाडीवानाचे डोळे मिटले तरी बैलांचे चार डोळे उघडे होते. त्यांना वाट ठाऊक होती, खड्डा दिसत होता, आणि समोरून दुसरी गाडी आली तर ते आपण होऊन बाजूला सरत होते. शिवाय वेग माणसाच्या चालीएवढा. चूक झालीच तर चाक फार तर चिखलात रुतावयाचे.

मग इंजिन आले. इंजिनात शंभर बैलांची शक्ती आली, पण डोळा एकही आला नाही. या एका वाक्यात पुढचा सगळा इतिहास सामावला आहे. बैलाचे डोळे गेले, तेव्हा त्यांची भरपाई माणसाला कशाने तरी करावी लागली. ती भरपाई त्याने नियमांनी केली.

हे आधी कळले ते रेल्वेला. मनमाडपासून हैदराबादपर्यंतचा लोहमार्ग निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी ही गावे त्याने जोडली. मार्ग एकेरी. एकाच रुळावर दोन्हीकडून गाड्या यावयाच्या. असल्या मार्गावर ड्रायव्हरच्या भरवशावर सारे सोडून चालत नाही, हे रेल्वेने जगभर रक्त सांडून शिकून घेतले होते. म्हणून एकेरी मार्गावर टोकनाची पद्धत आली. स्टेशनमास्तरने टोकन हातात दिल्यावाचून ड्रायव्हरने गाडी पुढे न्यावयाची नाही. दोन स्टेशनांमधल्या त्या तुकड्याचे टोकन एका वेळी एकच बाहेर निघणार. तेव्हा ते ज्याच्या हाती, मार्ग त्याचा. दुसरी एक पद्धत त्याहून साधी आहे. सिग्नल दिसला की इंजिनातील दोघांनी तो एकमेकांना मोठ्याने सांगावयाचा. एक म्हणतो, दुसरा तेच परत म्हणतो. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. पण डोळ्याने पाहिलेले तोंडाने बोलले आणि कानाने ऐकले म्हणजे मन भलतीकडे जात नाही, हे त्यात शहाणपण आहे. इंजिनात बोलणे असे, पण ते रस्त्याविषयी असे.

रस्त्यावरच्या मोटारीकडे येऊ. निजामाच्या रेल्वेने १५ जून १९३२ रोजी २७ गाड्या आणि १६६ नोकर यांच्या बळावर सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली. त्या दिवशी मराठवाडा अजून निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा मराठवाड्यातील सरकारी मोटारी मुंबई राज्याच्या एस.टी.त आल्या. १९६० साली महाराष्ट्र झाला. परतूर तालुका त्या वेळी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा तो जालन्याकडे आला.

सनावळी इतकी पुरे. मला तुमचे लक्ष वेधावयाचे आहे ते एस.टी.तल्या एका लहानशा वस्तूकडे. ती वस्तू म्हणजे घंटा. गाडीच्या छताखालून एक दोरी जात असे. तिचे एक टोक ड्रायव्हरच्या डोक्याजवळच्या घंटेला बांधलेले. कंडक्टरने एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. झाले, संपले संभाषण! गाडीत साठ माणसे, बाजारच्या पाट्या, कोंबड्या, रडणारी पोरे. प्रत्येकाला काही ना काही सांगावयाचे असे. कुणाला फाट्यावर उतरावयाचे, कुणाची पिशवी टपावर राहिलेली. हे सगळे सांगणे कंडक्टरकडे जाई. कंडक्टर त्याचा निवाडा करी, आणि ड्रायव्हरपर्यंत पोचत असे फक्त एक टोल किंवा दोन टोल. भर म्हणून ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी गाडीत लिहिलेली असे.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही घंटा किती विचारपूर्वक केलेली योजना आहे ते पाहा. गाडी चालवणाऱ्याला निरोप द्यावा तर लागतोच. पण तो निरोप असा असावा की त्याने कान द्यावा लागू नये, उत्तर द्यावे लागू नये आणि डोळे रस्त्यावरून हलवावे लागू नयेत. सगळ्या गाडीने मिळून एका माणसाच्या चित्ताभोवती कुंपण घातले होते. ड्रायव्हरला संयम शिकवणारा उपदेश त्यात कुठे नव्हता. कुंपण होते ते इतरांच्या बोलण्याला.

ट्रकचीही तशीच रीत होती. ड्रायव्हरबरोबर क्लीनर असावयाचाच. गाडी मागे घेताना तो खाली उतरून हाताने पत्र्यावर थाप मारी, अरुंद पुलावर डावी बाजू बघे, आणि रात्री मुख्य काम म्हणजे ड्रायव्हरला जागे ठेवणे. तो आडाणी पोर असेल, चहाच्या पेल्यावर राबत असेल, पण बैलांचे चार डोळे गेल्यावर त्या जागी निदान दोन डोळे तरी आले होते.

कामाच्या तासांनाही कायद्याने मर्यादा घातली. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विसावा, असे त्यात सांगितले आहे. थकलेल्या माणसाचे ध्यान टिकत नाही, हे त्या कायद्याच्या मुळाशी आहे. कायदा सर्वत्र पाळला गेला असे मात्र कोणी म्हणणार नाही.

आता कोणी विचारील, "अहो, तुम्ही स्वतः रेडिओवाले. गाडीत रेडिओ लावत नाहीत का लोक? ट्रॅक्टरवर तर दोन कोसांवरून ऐकू येईल असा टेप वाजतो!" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत १९३० च्या सुमारास मोटारीत रेडिओ बसू लागले, तेव्हा तिथेही हाच वाद झाला. काही ठिकाणी त्यावर बंदी घालावी अशी मागणी पुढे आली. मोठ्या आवाजाने मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, हे खरेच आहे, आणि ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी ते मनावर घ्यावे. परंतु रेडिओत आणि फोनमध्ये एक मूळचा भेद आहे. रेडिओ बोलतो, पण उत्तर मागत नाही. समोर म्हैस आडवी आली की ड्रायव्हरचे कान आपोआप बंद होतात, आणि रेडिओला त्याचा राग येत नाही. फोनवरचा माणूस मात्र विचारतो, "हॅलो, ऐकतोयस ना? बोलत का नाहीस?"

फोन तरी आपल्याकडे काही काल आला नाही. मुंबईत टेलिफोनचे एक्सचेंज १८८२ साली सुरू झाले. पण शंभर वर्षे फोन ही एक जागा होती. फोन भिंतीला किंवा टेबलाला बांधलेला असे आणि माणूस त्याच्याकडे चालत जाई. १९८५-९० नंतर गावोगाव, फाट्याफाट्यावर एस.टी.डी.-पी.सी.ओ.ची पिवळी खोकी उभी राहिली. ट्रक ड्रायव्हर ढाब्यावर जेवावयास उतरला की शेजारच्या खोक्यातून घरी एक फोन लावी, मालकाला एक लावी, पैसे देई आणि गाडीवर चढे. म्हणजे फोन करावयाचा तर गाडी थांबवावीच लागे. ती एक न लिहिलेली शिस्त होती. कोणी शिकवली नाही, कोणी दंड केला नाही, तारेनेच ती पाळून घेतली.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू एका टोकाला आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला हे मोठ्यांचे खेळणे होते. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते स्वस्त होत होत क्लीनरच्या खिशात आले. २०१६ नंतर इंटरनेटही स्वस्त झाले, आणि बोलण्याच्या जोडीला चित्रे, निरोप, सिनेमा, क्रिकेट असे सारेच त्या काचेवर आले. तार तुटली आणि तिच्याबरोबर ती शिस्तही गेली. घंटेचे कुंपण ओलांडून जगातला कोणीही माणूस थेट ड्रायव्हरच्या कानाशी येऊन बसू शकला.

याने नेमके काय बिघडते? हा विचार शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच केला आहे. १९६९ साली, मोबाइल फोन बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, इंग्लंडमध्ये ब्राउन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. २४ ड्रायव्हर घेतले. त्यांना गाडी चालवताना समोरच्या फटीतून आपली गाडी जाईल की नाही हे ठरवावयास सांगितले, आणि त्याच वेळी टेलिफोनवरून प्रश्न विचारले. निष्कर्ष मोठा बोलका निघाला. सरावाने हाताला बसलेले काम, म्हणजे चाक वळवणे, फारसे बिघडले नाही. बिघडला तो अंदाज. फट पुरेल की नाही, हा निवाडा चुकू लागला.

हे आपल्या रस्त्यावर आणून बघा. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, मागे तुमची जीप. समोरून दिवा दिसतो आहे. तो किती लांब आहे, किती वेगाने येतो आहे, तेवढ्यात ट्रॅक्टर मागे टाकता येईल का? ही सारी फटीचीच परीक्षा आहे. फोनवर बोलणारा ड्रायव्हर म्हणतो, "माझा हात बसलेला आहे, वीस वर्षे चालवतोय." खोटे नाही बोलत तो. हात बसलेलाच आहे. पण अशा वेळी हाताने भागत नाही, अंदाज लागतो, आणि तो फोनमध्ये अडकलेला असतो.

१९९७ साली कॅनडातील टोरांटो शहरात रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी अपघातात सापडलेल्या ६९९ ड्रायव्हरांच्या फोनची बिले तपासली. फोन चालू असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे त्यांना आढळले. फोन हातात धरला काय आणि हात मोकळे ठेवून बोलले काय, त्यांच्या हिशेबात फरक पडला नाही. हात मोकळे ठेवून बोलण्याविषयी पुढे संशोधकांत मतभेद झाले. लांब पल्ल्याच्या ट्रकांवरच्या काही पाहण्यांत नुसत्या बोलण्याने धोका वाढलेला दिसला नाही, आणि एकटा ड्रायव्हर बोलण्याने जागा राहत असावा असेही काहींनी म्हटले. परंतु एका गोष्टीवर मतभेद नाही. ती म्हणजे डोळे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने २००९ साली ट्रकांत कॅमेरे बसवून केलेल्या निरीक्षणांचे निकाल दिले. फोनवर निरोप लिहिणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पट होता. त्या सहा सेकंदांतले साडेचार सेकंदांहून अधिक काळ त्याचे डोळे रस्त्यावर नव्हते.

साडेचार सेकंद म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका मिनिटात एक किलोमीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. साडेचार सेकंदांत ७५ मीटर. एवढे अंतर गाडी डोळ्यांवाचून धावते. बैलगाडीवानही पेंगत होता, हे खरे. पण त्याच्या गाडीला डोळे होते आणि वेग नव्हता. इथे वेग आहे, डोळे नाहीत.

कायदा या बाबतीत गप्प राहिलेला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्याखालच्या केंद्रीय नियमांत गाडी चालवताना मोबाइल वापरणे हे लायसन्स रोखण्याचे एक कारण म्हणून धरले आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सर्व राज्यांना कळवले की अशा ड्रायव्हरचे लायसन्स निदान तीन महिने निलंबित करावे. २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन घेऊन गाडी चालवणे हे धोकादायक चालवण्यात मोडले. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून केवळ वाट शोधण्यासाठी, तेही चित्त विचलित होणार नाही अशा बेताने, फोनचा उपयोग करण्यास मुभा मिळाली.

एस.टी. महामंडळानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या चालकांना गाडी चालवताना फोन वापरण्यास मनाई केली. तरी मार्च २०२५ मध्ये मुंबई–पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरी गाडीचा चालक चालत्या गाडीत मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे एका प्रवाशाने टिपले. चालक खासगी ठेकेदाराकडचा होता. त्याला बडतर्फ केले आणि ठेकेदाराला दंड झाला. योग्यच झाले. मात्र एका माणसाला घरी बसवून प्रश्न सुटला असे समजू नये.

२०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतील ३,३९५ मृत्यू फोनच्या वापरामुळे झाले अशी नोंद आहे. एवढेच? खरा आकडा याहून मोठा असणार, कारण वेगाची खूण रस्त्यावर राहते, दारूची रक्तात राहते, आणि फोनची? गाडी उलटल्यावर फोन कुठे तरी पडलेला असतो, आणि शेवटचे वाक्य कोणाशी बोलणे चालू होते ते पंचनाम्यात येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ड्रायव्हर फोन का घेतो? तो मूर्ख आहे म्हणून? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. त्याची परिस्थिती बघा. ट्रकवरचा क्लीनर खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी गेला. रात्रभर एकटाच माणूस. समृद्धी महामार्गासारखा सरळसोट रस्ता असला तर डोळ्यांना काही कामच नाही, झापड येते, आणि फोन हाच सोबती होतो. दुसरे असे की फोन आता त्याच्या नोकरीचाच भाग झाला आहे. मालाचा कागद फोनवर, वाट फोनवर, टोलचा हिशेब फोनवर. आणि तिसरे, सर्वांत मोठे, त्याला फोन करतो कोण?

जालन्याचा व्यापारी करतो, "गाडी कुठवर आली?" मालक करतो, "अजून परतूरच?" कारखान्याच्या आवारातून टोळीचा मुकादम करतो, "नंबर लागायची वेळ झाली, ये की लवकर!" जीपवाल्याला पुढच्या फाट्यावरचा प्रवासी करतो, "थांब रे, आम्ही चौघं आहोत." आणि घरून फोन येतो, "जेवलास का?" या फोनमध्ये माया असते. पण ज्या क्षणी तो वाजतो, त्या क्षणी समोर काय आहे ते घरच्यांना दिसत नाही. शेजारी बसलेला माणूस गप्पा मारता मारता समोर बैलजोडी आली की आपण होऊन गप्प होतो. परगावचा माणूस गप्प होत नाही, कारण त्याला बैलजोडी दिसत नाही. मालकाचा फोन न उचलणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी कामावर राहील का, हाही प्रश्न त्याच्या डोक्यात असतोच.

म्हणून मी म्हणतो, चालत्या गाडीतल्या फोनला दोन टोके आहेत. एका टोकाला दंड आहे, लायसन्स जाण्याची भीती आहे, मरणही आहे. दुसऱ्या टोकाला काहीच नाही. आणि ते दुसरे टोक बहुधा आपल्या हातात असते.

तेव्हा करावयाचे काय? जुनी घंटा आठवा, म्हणजे उत्तर आपोआप सापडेल. घरच्यांनी एक रीत पाडावी: निघताना एक फोन, पोचल्यावर एक फोन, आणि लांबचा प्रवास असेल तर जेवणाच्या थांब्यावर एक. मधल्या वेळात आपणच फोन करावा लागला, तर पहिला प्रश्न "कुठं आहेस?" हा नको, "गाडीवर आहेस का?" हा असावा. "हो" म्हणाला की एक शब्द जास्त न बोलता आपण ठेवून द्यावा. निम्मा फोन ड्रायव्हरने टाळावयाचा असतो, निम्मा आपण.

मालकांनी आणि मुकादमांनी थांबे ठरवून द्यावेत. गाडी कुठे आहे हे दाखवणारे यंत्र आता ट्रकला बसवता येते. ते बसवूनही दर अर्ध्या तासाला विचारणे म्हणजे तराजू ठेवून पुन्हा मुठीने मोजणे होय. चालत्या गाडीतला फोन उचलला नाही म्हणून बोल लावणार नाही, एवढे एक वचन मालकाने दिले तर दहा पाट्यांचे काम होईल. आणि लांब पल्ल्याला दुसरा माणूस दिला, तर त्याचा पगार एका अपघाताच्या खर्चापुढे काहीच नाही.

चालकबंधूंनो, तुमच्यासाठी एवढेच. फोन समोरच्या काचेजवळ उभा करून ठेवू नका. आवाज बंद करून पिशवीत टाका. मी गाडीवर आहे असे उत्तर आपोआप देण्याची सोय आता पुष्कळ फोनांत असते, ती पोराकडून लावून घ्या. अगदीच अडले तर रस्त्याच्या कडेला नीट उतरून गाडी उभी करा, जशी ढाब्यावर करत होता. झोप येत असेल तर त्याला फोन हे औषध नव्हे, झोप हेच औषध. पंचवीस-पंचवीस वर्षे विनाअपघात गाडी चालवलेल्या चालकांचा एस.टी. सत्कार करते. त्यांचे हात तुमच्यापेक्षा वेगळे नाहीत. त्यांनी चित्त राखले.

प्रवाशांनी संकोच सोडावा. ड्रायव्हर फोनवर दिसला तर आरडाओरडा नको, कंडक्टरला सांगावे. जीपमध्ये कंडक्टर नसतो, तिथे शेजारी बसलेल्याने म्हणावे, "दादा, गाडी बाजूला घेऊन बोला, आम्हाला घाई नाही." हे वाक्य खरे मात्र असले पाहिजे. आपणच घाई करावयाची आणि आपणच शहाणपण सांगावयाचे, हे जुळत नाही.

शिक्षकांना दोन प्रयोग सुचवतो. मैदानावर चुन्याने ७५ मीटरची रेघ आखा. मुलांना एका टोकाला उभे करून साडेचार सेकंद मोजायला लावा, आणि सांगा की एवढ्या वेळात एस.टी. या टोकाकडून त्या टोकाला न बघता जाते. दुसरा प्रयोग वर्गात. एका मुलाने फूटपट्टी उभी धरून सोडावयाची, दुसऱ्याने चिमटीत पकडावयाची. किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहा. मग त्याच मुलाला सतराचा पाढा उलटा म्हणावयास सांगून पुन्हा पट्टी सोडा. बहुतेक वेळा पट्टी अधिक खाली गेलेली दिसेल. ज्या मुलाच्या वडिलांच्या हाती ट्रॅक्टर किंवा जीप आहे, तो संध्याकाळी घरी जाऊन हे सांगेल, आणि त्याचे सांगणे आपल्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक ऐकले जाईल.

आषाढीला दिंड्या पंढरपूरकडे चालू लागतात. दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबे बिऱ्हाड घेऊन ट्रकांतून, ट्रॅक्टरांतून निघतात. शाळेची पोरे रोजच रस्ता ओलांडतात. या सगळ्यांचा जीव पुढे बसलेल्या एका माणसाच्या डोळ्यांवर सोपवलेला असतो. एस.टी.तल्या दोरीला हात घालताना कंडक्टर आधी बघत असे, ओढावी की नको. आपल्या खिशातला फोनही तशीच एक दोरी आहे, आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या तरी डोक्याजवळ वाजते. ओढण्याआधी आपणही क्षणभर थांबावे.